बाटलीकडून फुलपात्राकडे : वर्षाच्या मुलाची बाटली सोडवण्याच्या प्रश्नाचा आढावा

दुधाची बाटली सोडवणे म्हणजे निपल चोखून दूध पिणाऱ्या मुलाला वाटी, फुलपात्र किंवा पेला ओठाला लावून पिण्याची सवय लावणे. घरोघरी याला ‘बाटली तोडणे’ म्हणतात. ‘अंगावरचे तोडणे’ ही निराळी गोष्ट आहे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तोडायची ती बाटली, आणि बालरोगतज्ज्ञ व बालदंततज्ज्ञ तिच्यासाठी बारा ते अठरा महिन्यांचा काळ सांगतात.

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेतल्या आणि तिच्या आसपासच्या घरांत हा काळ सहसा जावळ, पहिला वाढदिवस आणि पहिली पावले यांच्या गडबडीत येतो. बाटलीचा प्रश्न मुलाच्या हट्टाचा मानला जातो. प्रत्यक्षात तो घराच्या दिनक्रमाचा असतो. मुलाला निजवणारी मांडी, भरवणारा हात, कामाच्या वेळी लक्ष ठेवणारे माणूस, यांपैकी कुणाची तरी जागा बाटलीने घेतलेली असते. ती जागा कोण भरून काढणार हे ठरल्याशिवाय बाटली सुटत नाही आणि सुटली तरी परत येते.

बोंडल्यापासून बाटलीपर्यंत

बाटली येण्याआधी मराठी घरांत तान्ह्याला वरचे दूध बोंडल्याने पाजत. बोंडले म्हणजे चोच असलेले छोटे धातूचे भांडे. दक्षिणेत अशाच भांड्याला पालाडै म्हणतात आणि नवजात बाळांच्या विभागांत ते आजही वापरले जाते. बोंडल्याचे तोंड उघडे असते, त्यामुळे ते आतून दिसते आणि बोट घालून घासता येते. त्यातून दूध चोखायचे नसते. ते कुणीतरी थोडे थोडे ओतावे लागते, म्हणून बोंडले माणसाशिवाय चालत नाही. सहाव्या महिन्यातल्या उष्टावणाला मामाकडून येणारी चांदीची वाटी आणि चमचा हीसुद्धा त्याच रीतीतली वस्तू आहे. अनेक घरांत ती वाटी एकदा फोटोत येते आणि कपाटात जाते. रोजचे काम बाटली करते.

युरोपात एकोणिसाव्या शतकात लांब रबरी नळीच्या काचेच्या बाटल्या घरोघरी पोहोचल्या. बाळाला पाळण्यात ठेवून नळी तोंडात दिली की आई कामाला मोकळी होई. नळी आतून साफ होत नसे, तिच्यात जंतू वाढत आणि मुले दगावत. फ्रान्सने 1910 मध्ये अशा बाटल्यांवर बंदी घातली. भारतातल्या कष्टकरी आईची अडचण तीच होती, साधन मात्र वेगळे होते. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या 1920च्या दशकातल्या पाहणीत, कामाच्या पाळीत मूल झोपून राहावे म्हणून ‘बाळगोळी’ नावाने अफू दिली जात असल्याची नोंद आहे. अफूची गोळी गेली आणि पुढे बाटली आली. दोन्हींमागचे कारण एकच होते. आईचे हात कामात अडकलेले होते आणि मुलासाठी दुसरे हात नव्हते.

कायद्याची बाजू

जागतिक आरोग्य सभेने 1981 मध्ये आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विपणनाबद्दल आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. भारतातल्या स्तनपान चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था 3 डिसेंबर 1991 रोजी वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यासंबंधीचा केंद्रीय कायदा आला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. कायद्यावर लक्ष ठेवून तक्रार दाखल करण्याचा अधिकार मिळालेल्या संस्थांत मुंबईची ‘अकाश’ ही ग्राहक संघटनाही होती.

या कायद्याने बाटलीच्या विक्रीवर बंदी नाही. बंदी आहे ती जाहिरातीवर, फुकट नमुन्यांवर, भेटवस्तूंवर आणि खरेदीसाठी दाखवल्या जाणाऱ्या आमिषांवर. शिशुदुग्धाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही. त्यामुळे बाटलीवर सवलत देणारा फलक किंवा बाळंतपणाच्या भेटसंचात घातलेली बाटली दिसली, तर ती साधी व्यापारी युक्ती नसते, कायद्याचा भंग असतो. बाजारपेठेत राहणाऱ्या पालकांना हे माहीत असायला हवे. दुकानात समोर मांडलेली वस्तू मुलाला लागतेच, असा समज सहज होतो.

वर्ष हेच वय का

चोखणे ही जन्मजात क्रिया आहे. सहा महिन्यांच्या सुमारास मूल बसू लागते, मान आणि ओठ ताब्यात येतात आणि वाटीच्या कडेवरून एखादा घोट घेता येतो. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कुरमुरा उचलता येतो, फुलपात्र दोन्ही हातांनी धरता येते. वर्षाचे मूल पाणी सांडत पिते. पंधरा ते अठरा महिन्यांत सांडणे बरेच कमी होते. याचा अर्थ असा की बारा महिन्यांच्या मुलाला बाटलीची शारीरिक गरज उरलेली नसते.

उरते ती सवय. वर्षाच्या मुलाची सवय अजून मऊ असते. दीड वर्षानंतर मुलाला ‘माझे’ आणि ‘नको’ यांची गोडी लागते, आठवण पक्की होते, ओट्यावर ठेवलेली बाटली बोट दाखवून मागता येते. बारा महिन्यांचे मूल दोन-चार दिवसांत विसरते, दोन वर्षांचे विसरत नाही. लवकर सुरुवात करण्यात मुलाचेच हित आहे.

लांबलेल्या बाटलीचे परिणाम

पहिला परिणाम दातांवर दिसतो. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळण्याची क्रिया मंदावते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचते, जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दाताचे कवच विरघळते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेमुळे बरेचदा वाचतात, म्हणून वरचे चार किडलेले आणि खालचे शाबूत असे चित्र दिसले की दंतवैद्याच्या लक्षात येते. सुरुवात वेदनेने होत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटते. आठवड्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ हलकेच उचलून उजेडात पाहिले तर ती रेघ घरीच दिसते. ती तपकिरी होण्याआधी दाखवले तर दात वाचवता येतो. दुधात साखर किंवा बिस्किटे घातली असतील तर कीड झपाट्याने वाढते.

दुसरा परिणाम रक्तावर होतो आणि महाराष्ट्रात तो अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा 67.1 टक्के होता. या रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, पण दुधावर वाढलेले मूल हे त्यातले घरच्या घरी सुधारता येणारे कारण आहे. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात लोह फारच कमी असते आणि दुधातले कॅल्शियम व केसीन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातल्या लोहाचे शोषण अडवतात. त्यात बाटलीने पोट भरले की जेवणाची भूक उरत नाही. ‘काही खातच नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ असे वाक्य ऐकू येते. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो : दूध फार होते, म्हणून मूल खात नाही.

तिसरा परिणाम वजनावर. अमेरिकेत 6,750 मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या वयातही बाटली पिणाऱ्यांपैकी 22.9 टक्के मुले साडेपाचव्या वर्षी स्थूल होती. बाटली सुटलेल्यांत हे प्रमाण 16.1 टक्के होते. बाटली हेच एकमेव कारण, असे यावरून ठरत नाही, पण न मोजता पोटात जाणारे दूध या वयात हिशेबात धरावे लागते. चौथा परिणाम कानाचा आहे. मुलांची घसा आणि कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. आडवे पडून बाटली पिणाऱ्या मुलांना कानाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

नवी पेठेतले पाणी, ऊन आणि कामाच्या वेळा

सोलापुरात या यादीत आणखी दोन गोष्टी येतात. पहिली पाणी. शहराला उजनी धरणातून पाणी येते आणि कित्येक वर्षे ते रोज न मिळता काही दिवसांआड मिळत आले आहे. घरात पाणी पिंपांत आणि टाक्यांत साठवावे लागते. बाटली धुण्याचे काम मात्र पाणी आणि वेळ दोन्ही मागते. निपल उलटे करून साबणाने चोळायचे, झाकणाच्या आट्यांत अडकलेली साय ब्रशने काढायची, बाटलीच्या खांद्याशी चिकटलेला पांढरा थर घासायचा, मग सगळे सुटे करून उकळायचे. दिवसातून चार बाटल्या असतील तर हे चार वेळा. स्टीलचे फुलपात्र मात्र एका तांब्यात स्वच्छ होते आणि त्याला लपलेला कोपरा नसतो. पाणी जपून वापरावे लागणाऱ्या गावात बाटली ही सर्वांत खर्चिक वस्तू ठरते.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. पावडरीचे तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे आणि उष्टे उरलेले टाकून द्यावे, असा नियम आहे. पर्समध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेल्या बाटलीत तो पाळला जात नाही. उन्हाळ्यात अनेक मुले तहानेने बाटली मागतात, आणि तहानेला पाणीच हवे असते. उकळून गार केलेले पाणी फुलपात्रातून दिवसभर थोडे थोडे देत राहिले, तर दुपारची एक बाटली आपोआप गळते.

कामाच्या वेळांचा प्रश्न याहून अवघड आहे. पेठेतले दुकान रात्री बंद होईपर्यंत वडील घरी येत नाहीत. दुकानांत काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसायलाही सवड नसते. पूर्व भागात यंत्रमागावर आणि विडीच्या सुपाशी बसणाऱ्या हजारो स्त्रियांचे दोन्ही हात दिवसभर गुंतलेले असतात. विडी घरी वळणाऱ्या आईच्या शेजारीच मूल असते, पण तंबाखूच्या हाताने भरवता येत नाही, म्हणून बाटली पुढे सरकवली जाते. यात आईची बेपर्वाई शोधणे अन्यायाचे आहे. 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दुधासाठी दोन सुट्ट्यांची तरतूद केली, 2017च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. छोट्या दुकानात किंवा घरच्या सुपाशी यातले पाळणाघर पोहोचत नाही. तिथे आजी, मोठी जाऊ, शेजारीण आणि अंगणवाडी यांचाच आधार उरतो.

सोडवण्याचा क्रम

एका दिवसात सगळ्या बाटल्या बंद करण्यापेक्षा एकेक कमी करणे बहुतेक घरांना सोपे जाते. पहिली दुपारची सोडवावी, कारण त्या वेळी मूल जागे, खेळते आणि दुसऱ्या गोष्टीत रमणारे असते. चार ते सात दिवस तेवढाच बदल ठेवावा. मग संध्याकाळची, मग सकाळची आणि शेवटी रात्रीची.

फुलपात्र शिकवण्याची एक रीत आहे. मूल मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसलेले असावे. सुरुवातीला दोन-तीन चमचेच दूध घ्यावे, म्हणजे सांडले तरी हळहळ वाटत नाही. भांड्याची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध वरच्या ओठाला लागेल इतकेच भांडे कलते करावे. दूध तोंडात ओतू नये, मुलाला ते ओढून घेऊ द्यावे. एक घोट झाला की भांडे खाली आणावे. पहिले काही दिवस मूल दुधात फुर्र करते, हात घालते, भांडे आपटते. हा शिकण्याचाच भाग आहे, त्यासाठी खाली एखादे जुने पंचे अंथरले की भागते. मोठी माणसे त्याच वेळी आपापल्या पेल्यातून पीत असतील तर मूल पाहून लवकर शिकते.

बाजारात मिळणारे चोचीचे सिपर ही बाटलीची पुढची पायरी मानली जाते. चोच चोखावीच लागत असल्याने सवय तशीच राहते आणि चोचीच्या आत दूध अडकते. प्रवासापुरते ते ठीक. रोजच्यासाठी उघडे भांडे चांगले.

रात्रीची बाटली सर्वांत शेवटी सुटते, कारण तिच्यात भुकेपेक्षा झोप जास्त असते. इथे दोन मार्ग आहेत. एकात दूध झोपेच्या अर्धा तास आधी फुलपात्राने पाजायचे, मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट मऊ ब्रशवर घेऊन दात घासायचे आणि त्यानंतर फक्त मांडी, थोपटणे, अंगाई. दुसऱ्यात बाटलीतल्या दुधात रोज थोडे पाणी वाढवत जायचे. आठ-दहा दिवसांत बाटलीत नुसते पाणी उरते आणि मूल तिच्यातला रस सोडते. मात्र दिवसभराचे अन्न नीट मिळत असेल तरच हा दुसरा मार्ग धरावा, आणि पातळ दूध रात्रीच्या त्या एका बाटलीपुरतेच असावे. कोणताही मार्ग धरला तरी तीन-चार रात्री रडणे होते. त्या रात्री घरातले सगळे एका मताचे असावे लागतात. आईने बंद केलेली बाटली आजीने तिसऱ्या रात्री काढून दिली, तर मुलाला एवढेच कळते की जास्त वेळ रडले की ती मिळते.

बाटलीच्या जागी ताटात काय

बाटली सुटल्यावर दूध सुटत नाही. ते मोजके होते. वरच्या दुधावर असलेल्या वर्षाच्या मुलाला दिवसाला साधारण 350 ते 500 मिलिलिटर दूध पुरते आणि दही-ताक त्यातच धरावे. अंगावरचे दूध चालू असेल तर वरच्या दुधाची गरज आणखी कमी असते. ‘लहान मुलांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वर्षानंतरच्या दूधपावडरी जागतिक आरोग्य संघटना 2023च्या मार्गदर्शनात सुचवत नाही. या वयात साधे तापवलेले दूध चालते.

अन्न तीन ते चार वेळा आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ, दर वेळी पाऊण ते एक वाटी (250 मिलिलिटरची), असे प्रमाण सांगितले जाते. सोलापूरच्या स्वयंपाकघरात त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. गरम ज्वारीची भाकरी दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून पाच मिनिटे मुरवली की मुलाच्या तोंडात विरघळते. शेंगदाण्याचे बारीक कूट भातात घालता येते. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये, आणि चटणीतला तिखटाचा भाग बाजूला ठेवावा. मेथी-पालक घातलेली डाळ, अंडे, खाणाऱ्या घरात मटणाची कलेजी यांतून लोह मिळते आणि वर लिंबू पिळले की ते अंगी लागते. चहा लोहाचे शोषण रोखतो, त्यामुळे सकाळचे चहा-बिस्कीट या वयात नकोच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह आणि फॉलिक आम्लाचे औषध आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, ही ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातली सोय आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडून मागून घ्यावी.

एकमेकांकडून शिकणारे पालक

या सगळ्यातले बरेच ज्ञान दवाखान्यात कमी आणि लसीकरणाच्या रांगेत, अंगणवाडीच्या बैठकीत, जिन्यावरच्या गप्पांत जास्त फिरते. सोलापुरात एकाच जिन्यावर एका घरी ‘दूध’, शेजारी तेलुगूत ‘पालु’ आणि वरच्या मजल्यावर कन्नडमध्ये ‘हालु’ असते, पण वर्षाच्या मुलाच्या रात्री सारख्याच असतात. ‘आमच्याकडे चार दिवस लागले’ हे शेजारणीचे वाक्य पहिल्यांदा आई झालेल्या मुलीला धीर देते. अशा देवघेवीत एक धोकाही असतो. एकीचे मूल दहाव्या महिन्यात पेल्याने पिऊ लागले म्हणजे दुसरीचे मागे पडले, असे नव्हे. अनुभव घ्यावा, तुलना सोडावी. वजन-उंचीची नोंद अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर दर महिन्याला झाली की तुलनेची गरजही उरत नाही. रेघ वर जात असेल तर बाटली गेल्याचे नुकसान झालेले नाही.

वडिलांचा वाटा इथे ठोस असू शकतो. दुकान बंद करून आल्यावर मूल जागे असेल तर निजवण्याचे काम त्यांनी घ्यावे. आईच्या कुशीत मूल दूध शोधते, वडिलांच्या खांद्यावर ते लवकर शांत होते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. बाटलीने अडवलेली जागा अशा वेळी खऱ्या माणसाला मिळते.

केव्हा थांबावे, केव्हा दाखवावे

ताप, जुलाब, दाढ येण्याचा ठणका, घर बदलणे, पाळणाघराची सुरुवात किंवा धाकट्या भावंडाचा जन्म, अशा आठवड्यात बाटली तोडायला घेऊ नये. सोडवत असताना आजारपण आले तर एक पायरी मागे यावे आणि बरे वाटल्यावर पुन्हा सुरुवात करावी. मुदतपूर्व जन्मलेली, फाटलेल्या ओठाची किंवा टाळूची, वजन फार कमी असलेली आणि वाढीचे टप्पे उशिरा गाठणारी मुले यांच्यासाठी वेळ आणि पद्धत बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावी.

फुलपात्राने पिताना दर वेळी ठसका लागणे, दूध नाकावाटे येणे, दोन आठवडे प्रयत्न करूनही घोट न गिळणे, लघवी कमी होणे, चेहरा आणि तळवे फिकट दिसणे, माती किंवा भिंतीचे पोपडे खाणे, हिरडीलगत पांढरी किंवा तपकिरी रेघ दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर मूल डॉक्टरांना दाखवावे. बाकी मुलांचे काम साधारण तीन ते सहा आठवड्यांत उरकते. शेवटची बाटली घरातून काढून टाकावी, फळीवर वर ठेवू नये. मुलाला ती दिसली नाही की त्याला तिची आठवण येत नाही, आणि घरातल्या थकलेल्या माणसालाही मध्यरात्री तिचा मोह होत नाही.